अनाथ मुलांसाठीची देणगी: इमारतीला की कुटुंबाला?

प्रश्न: निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा काही भाग परदेशातील अनाथ मुलांसाठी द्यावा, असे मी आणि माझ्या पत्नीने ठरवले आहे. एक आंतरराष्ट्रीय संस्था अनाथालयाच्या नव्या इमारतीसाठी निधी मागते आहे. दुसरी संस्था मुलांना घरातच ठेवण्यासाठी कुटुंबांना मदत करते. इमारत निदान दिसते तरी. आम्ही कोणाला द्यावे?

उत्तर: माझे मत स्पष्टच सांगतो: दुसऱ्या संस्थेला द्या. जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, किमान एक तरी, हयात असतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. गरिबी, आजारपण, अपंगत्व किंवा जवळपास शाळा नसणे यांमुळे पालक मुलाला तिथे सोडतात, आणि जिथे खाटा व जेवण तयार असते तिथे मुले येत राहतात. नेपाळमध्ये तर परदेशी देणगीदार व स्वयंसेवक यावेत म्हणून दलालांनी खेड्यांतून मुले फसवून आणल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. त्यामुळे सुट्टीत चार आठवडे अनाथालयात ‘सेवा’ करण्याचा बेतही कृपया आखू नका. लळा लावून निघून जाणारी माणसे या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

लहान वयात संस्थेत राहण्याची किंमत किती मोठी असते, हे रुमानियाने दाखवून दिले. हुकूमशहा चाउशेस्कू यांची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा तेथील सरकारी संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. पुढे राजधानी बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा १३६ बालकांचे दोन गट केले. एका गटातील मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवले, दुसऱ्या गटाची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाली, आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाआधी गेलेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून तोडू नये, आणि तीन वर्षांखालील मुलांची पर्यायी व्यवस्था शक्यतो कुटुंबातच करावी, असे म्हटले आहे.

अर्थात, आज संस्थेत असलेल्या मुलांचा आधार एका दिवसात काढून घेणे क्रूरपणाचे ठरेल. घाईने बंद केलेल्या संस्थेतील मूल रस्त्यावर येऊ शकते आणि अत्याचार झालेल्या घरी त्याला परत पाठवता येत नाही. म्हणून देणगी देण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारा: गेल्या वर्षी किती मुले घरी, नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात गेली, आणि त्यानंतर त्यांची भेट घ्यायला कोण, किती वेळा जाते? ज्या संस्थेकडे याचे उत्तर तयार असेल, तिला एकरकमी देण्यापेक्षा तीन-चार वर्षे थोडी थोडी रक्कम द्या, कारण मूल घरी पोचल्यावरही शाळा, औषधपाणी आणि समाजकार्यकर्त्यांच्या फेऱ्या यांचा खर्च चालूच राहतो.