तापल्यावर काळा धूर

प्रश्न: आमचा जुना पेट्रोल ट्रक थंड असताना लगेच सुरू होतो, पण तापला की अडखळतो, काळा धूर सोडतो. ऑटोमॅटिक चोक आहे. कार्ब्युरेटर बदलावा का?

उत्तर: इतक्यात नको. आधी चोक बघा, म्हणजे थंड इंजिनासाठी कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जाणारी हवा कमी करणारी पाती; इंजिन तापल्यावरही ती मिटलेली राहिली, तर पेट्रोल जास्त जाऊन काळा धूर येतो. इंजिन पूर्ण थंड असताना एअर फिल्टर काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा. चोकची पाती मिटली पाहिजे. इंजिन सुरू होताच व्हॅक्यूमच्या ओढीने ती थोडी, साधारण 3 ते 5 मिमी, उघडते. न उघडल्यास ती ओढणारा डायफ्राम (लवचिक पडदा) फाटलेला किंवा त्याची नळी चिरलेली असते. इंजिन तापेल तशी पाती सावकाश उघडत पूर्ण उभी व्हायला हवी. तुमच्याकडे घोडं इथेच अडलेलं दिसतं.

इंजिन बंद करून पाती बोटाने हलवा. जड लागली तर ती ज्यावर फिरते त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारा. तेल अजिबात नको; त्यावर धूळ बसून दांडा पुन्हा चिकटतो. पाती मोकळी असूनही उघडत नसेल आणि चोक इलेक्ट्रिक असेल, तर इंजिन चालू ठेवून त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत 12 व्होल्टच्या आसपास मिळतं, काहींत मुद्दाम कमी असतं. काहीच न मिळाल्यास फ्यूज, वायर आणि अर्थिंग तपासा.

चोक ठीक निघाला, तर इंजिन बंद केल्यावर टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघा. पेट्रोल थेंबथेंब पडतंय? मग नीडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळतोय किंवा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बुडालाय. गरम इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नका.