फंड काढू नकोस

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, जुन्या कंपनीतला फंड, म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, काढून बाइकचं डाउन पेमेंट करणार. तेव्हा मी गप्प बसलो, पण मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

1999 मध्ये पहिली कंपनी सोडली तेव्हा माझ्या हातात सदतीस हजार आले होते. टाइम ऑफिसबाहेर सगळेच अर्ज भरत होते, मीही भरला. निम्मे घरावर पत्रे टाकण्यात गेले. उरलेले कुठे गेले, आठवत नाही. तेच पैसे नव्या कंपनीत वळवले असते तर नुसत्या 8 टक्क्यांनी धरूनसुद्धा 2021 ला, मी रिटायर झालो तेव्हा, दोन लाख झाले असते. 2006 ला पुन्हा तीच चूक केली.

पण खरं नुकसान त्या पैशांचं नाही, वर्षांचं झालं. मालक पगाराच्या 12 टक्के भरतो, त्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन खात्यात जातात, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. पेन्शन ठरते ती पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70 अशी, आणि पगार धरतात जास्तीत जास्त 15,000. दहा वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शनच नाही. मी दोन्ही वेळा फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे उचलले. सहा आणि सात, अशी तेरा वर्षं हिशोबातून पुसली गेली. शेवटच्या पंधरा वर्षांवर आज महिन्याला दोन हजार दोनशेच्या आसपास येतात. तुझ्या काकूंच्या गोळ्यांनाच ते कमी पडतात.

तू पंचवीसचा आहेस. 58 पर्यंत तेहेतीस वर्षं. वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे पस्तीस. कमाल पगारावर हिशोब करून बघ, 7,500 होतात. फार नाहीत, मलाही कळतं. म्हणून तर फंडाची रक्कम वेगळी शिल्लक राहायला हवी.

नेट कॅफेत गेलास तर तो फॉर्म 19 आणि 10सी दोन्ही एकदम भरून देईल. 19 म्हणजे फंड, 10सी म्हणजे पेन्शन. दुसऱ्यावर सही करताना माणूस आपली वर्षं विकतो. तुला भरायचाय तो फॉर्म 13, ट्रान्सफरचा. यूएएन, म्हणजे फंडाचा कायमचा नंबर, एकच ठेव. कंत्राटदार बदलला की नवा नंबर काढून देतात, तो घेऊ नकोस, जुनाच द्यायचा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुला स्वतःला टाकता येते. शिवाय सलग पाच वर्षं व्हायच्या आत फंड काढला तर त्यावर करही लागतो.

बाइकचं म्हणशील, तर सहा महिने थांब. तोवर माझी स्कूटर ने, ती नुसती उभीच असते.

रविवारी सकाळी ये. आधार कार्ड, पासबुक आणि दोन्ही कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपा आण. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि फंडात दुसरं असेल तर तिथेच अडकतं, ते आधी बघू. नॉमिनीत आईचं नाव टाकलंयस का, तेही पाहू.

तुझा,
काका