हळद आणि सेप्सिस

प्रश्न : आम्ही सांगलीजवळ हळद पिकवतो. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना पायाच्या जखमेतून सेप्सिस झाला. हळदीतील द्रव्य सेप्सिसची दाह-प्रतिक्रिया शमवते, असे वाचले. त्यांना आधीच हळदीचे दूध दिले असते, तर आजार टळला असता का?
– एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : ताई, ही रुखरुख प्रथम मनातून काढून टाका; दूध न दिल्यामुळे काही बिघडलेले नाही. सेप्सिसमध्ये जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रियाच बेताल होते आणि मूत्रपिंड, फुप्फुसे यांसारखे अवयव निकामी होऊ लागतात. पेशींमध्ये ही प्रतिक्रिया चेतवणाऱ्या ‘एनएफ-कप्पा-बी’ या प्रथिनाला हळदीतील कर्क्युमिन आवर घालते, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि म्हणूनच संशोधकांना या द्रव्याविषयी आशा वाटते. अडचण पुढे आहे. आपण जी हळकुंडे शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात नेतो, त्यांच्या पुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्केच असते. त्यातलेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करते. त्यामुळे पेल्यातील चमचाभर हळदीतून औषधी मात्रा रक्तात पोहोचत नाही. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्याही स्वतःहून देऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास. जखमेबरोबर थंडी-ताप, धाप, ग्लानी किंवा लघवी कमी होणे दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठा, कारण तेथे शिरेतून मिळणाऱ्या प्रतिजैविकाला तासाभराचा उशीरही महाग पडू शकतो.