उत्तरातलं शून्य कुठे गेलं?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. भाजक एक अंकी असला की भागाकार झरझर करते, दोन अंकी आला की अडखळते. काल ७५४८ ला ३६ ने भागून तिने उत्तर २९ आणि बाकी २४ लिहिलं. बाकी बरोबर, पण उत्तर चूक! ३६ चा पाढा पाठ करून घेऊ का?
– एक आई

उत्तर : पाढा नका पाठ करून घेऊ. बाकी बरोबर आली म्हणजे तिचा गुणाकार आणि वजाबाकी पक्की आहे. राहिलंय ते एक शून्य. ७५ मधून ७२ गेले, उरले ३. वरून ४ उतरवले, झाले ३४. इथे भाग जात नाही, म्हणून तिने लगेच ८ उतरवून ३४८ ला हात घातला. भाग गेला नाही म्हणजे वर काही लिहायचं नाही, असं तिने धरलं. मी वर्षानुवर्षं पाचवीच्या वह्या तपासल्या. ही चूक भरभर सोडवणाऱ्या मुलांच्या वह्यांत मला फार दिसली. अशा मुलांना कुणी वेंधळं म्हटलं की अजून वाईट वाटतं.

तिला विचारा, ते ७५ कसले? शतकं. मग वरचे २ म्हणजे दोनशे, आणि पुढे दशकाचं नि एककाचं घर आहेच. उत्तर तीन अंकी येणार हे सुरुवातीलाच कळतं. मी मुलांना आधी वर तेवढ्या रेघा मारायला लावायचे. अंक उतरवला की एक रेघ भरायचीच. ३४ दशकांत ३६ चा भाग जात नाही, तर दशकाच्या रेघेवर ०. चौकटीची वही असेल तर अंक सरकतही नाहीत.

आता पाढ्याचं. कोपऱ्यात दुप्पट करत जायचं : ३६, ७२, १४४, २८८. ही झाली एक, दोन, चार आणि आठ पट. ३४८ मध्ये २८८ बसतात, उरतात ६०. बाकी भाजकापेक्षा मोठी राहिली म्हणजे अजून एकदा भाग जातो. २८८ आणि ३६ मिळून ३२४, ही नऊपट. उरले २४. उत्तर २०९. अंदाज एकाने चुकला तर खोडून पुन्हा करू द्या. खाडाखोडीवरून रागावू नका, दोन अंकी भागाकारात अंदाज चुकतोच.

शेवटी ताळा तिलाच करू द्या. २०९ गुणिले ३६ म्हणजे ७५२४, त्यात २४ मिळवले की ७५४८. तिच्या २९ चा ताळा केला तर १०४४ आणि २४, जेमतेम १०६८. चूक कुणी दाखवायची गरजच पडणार नाही.

सरावाला ९१८७ भागिले ४५ द्या आणि मग ८६५३ भागिले २४. दुसऱ्यात शून्य अगदी शेवटी येतं, तेव्हा ती ३६ लिहून थांबते की ३६०, ते नीट पाहा.