मशीन दिवसभर चालते, मग माल कमी का?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमचे सीएनसीचे (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनचे) छोटे वर्कशॉप आहे. मशीन दिवसभर चालू दिसते, तरी महिनाअखेरीस माल कमीच भरतो. नवे मशीन घ्यावे का?

आधी जुन्याचा हिशेब मांडा. आठ तासांच्या पाळीत चहा-जेवण वजा जाता ४५० मिनिटे उरतात. एका जॉबला ३ मिनिटे लागत असतील आणि पाळीअखेर ९० चांगले जॉब निघाले, तर काम झाले २७० मिनिटांचे. म्हणजे ओईई, अर्थात मिळालेल्या वेळेपैकी चांगल्या मालात उतरलेला वेळ, ६० टक्के. जगभर ८५ टक्के उत्तम मानतात. उरलेली १८० मिनिटे कुठे गेली ते शोधा. मोठा ब्रेकडाऊन सगळ्यांच्या लक्षात राहतो. चिप (धातूचा कीस) अडकली, इन्सर्ट (कापणारे पाते) बदलला, मशीन जुळवणाऱ्या सेटरची वाट पाहिली, ही पाच-पाच मिनिटे कुणी लिहीत नाही. मशीनपाशी वही ठेवा. ऑपरेटरला वेळ आणि कारण त्याच्या शब्दांत लिहू द्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये. मात्र त्या वहीवरून कुणाला दटावलेत, तर दुसऱ्या दिवसापासून खऱ्या नोंदी बंद होतील.

प्रश्न : बेळगावजवळ मच्छेत आमच्याकडे फाउंड्रीतून बिडाचे कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगला येते. उन्हाळ्यात ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारे उपकरण) तापल्याचा अलार्म येतो, म्हणून विजेच्या पॅनेलचे दार उघडून पंखा लावतो. चालेल ना?

नाही. कृपा करून आजच दार लावा. बिडाच्या भुकटीत लोखंड आणि ग्रॅफाइट असते. दोन्हींतून वीज वाहते. तुमचा पंखा ती भुकटी थेट आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर नेऊन बसवतो. पुढे पावसाळ्यातली दमट हवा लागली की शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. अलार्मचे मूळ बहुधा तुंबलेला फिल्टर, बंद पडलेला पॅनेलचा पंखा किंवा हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) कूलंटच्या वाफेने चिकटलेला तेलकट थर असते. फिल्टर दर आठवड्याला काढून बघा. आत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ आणखी खोल जाते आणि हवेतले पाणीही कार्डांवर उडते. हे काम इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून, ड्राइव्हमध्ये साठलेली वीज उतरल्यावर, व्हॅक्यूमने करावे.

प्रश्न : चिक्कोडी भागातल्या साखर कारखान्यात मी फिटर आहे. गळीत हंगामात मोटरच्या बेअरिंगला रोज ग्रीस देतो, तरी ते तापते.

रोज दिल्यामुळेच तापत असावे. जादा ग्रीस आत घुसळले जाऊन गरम होते, सील फुटते. किती ग्रॅम आणि किती तासांनी, हे मोटरच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असते, तेवढेच द्या. निचऱ्याचा बूच असेल तर ग्रीस देताना उघडा ठेवा, आणि दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नका.