गिटारविना अल्बम, पण गिटारवाल्यांचे पेडल : ‘द प्लेझर प्रिन्सिपल’

प्रश्न : ब्रिटिश गायक-संगीतकार गॅरी न्यूमनचा ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ हा त्याचा पहिला अल्बम की तिसरा? दोन्ही वाचनात आलंय.

उत्तर : त्याच्या गाण्यांचा तिसरा, त्याच्या नावाचा पहिला. आधीचे दोन, म्हणजे १९७८चा ‘ट्यूबवे आर्मी’ आणि १९७९चा ‘रेप्लिकास’, हे ट्यूबवे आर्मी या बँडच्या नावावर निघाले. सप्टेंबर १९७९मध्ये बेगर्स बँक्वेट या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या या अल्बमवर मात्र फक्त ‘गॅरी न्यूमन’ आहे. ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. मूळ तबकडीत दर बाजूला पाच अशी दहाच गाणी आहेत. ‘एअरलेन’ने सुरुवात, ‘एंजिनियर्स’ने शेवट. तुमच्या सीडीवर ‘असायलम’ असेल तर ती नंतरची आवृत्ती समजा. ती रचना याच अल्बममधल्या ‘कार्स’ या गाण्याच्या सिंगलची, म्हणजे छोट्या तबकडीची, दुसरी बाजू होती.

प्रश्न : यात खरंच गिटार नाही? ‘मेटल’ या गाण्यातला खरखरीत आवाज तर गिटारचाच वाटतो.

उत्तर : सहा तारांची गिटार कुठेच नाही. बास गिटार आहे, ती पॉल गार्डिनरची. ड्रमही यंत्राचे नाहीत, सेड्रिक शार्पलीने स्वतः वाजवलेत. कीबोर्डबरोबर व्हायोला वाजवणारा ख्रिस पेन आणि ‘ट्रॅक्स’ व ‘कॉन्व्हर्सेशन’मध्ये व्हायोलिनवर बिली करी. तुम्हाला गिटार वाटतो तो मिनीमूग सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य), गिटारवाल्यांच्या इफेक्ट पेडलमधून, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायपेटीतून काढलेला. त्यामुळे कानाची चूक म्हणता येणार नाही. गिटार गेली, पण तिची सवय गेली नाही. सुरावटीसुद्धा गिटारच्या रिफसारख्याच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांसारख्या आहेत. ‘कार्स’ची चाल तर न्यूमनने बास गिटारवरच बांधली होती.

प्रश्न : मिनीमूगसारखं प्लगइन (संगणकावरचं वाद्य) घेतलं, ‘मेटल’सारखी सुरावट बसवली, पण ऐकताना क्लबमधलं संगीत वाटतं. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे डिट्यून, दोन आवाज एकमेकांपासून किंचित बेसूर ठेवणं. दोन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग) सॉटूथ या करवती लहरीवर ठेवा, एक १६ फुटांवर, दुसरा ८ फुटांवर, म्हणजे एक सप्तक वर. हार्मोनियमवाल्यांना सांगायचं तर बास आणि मेल या दोन सूरपट्ट्या एकदम उघडल्यासारखं. त्यांच्यातला फरक ४ ते ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) पुरे. १५-२० सेंट केला, किंवा ‘युनिसन’ चालू ठेवून सात-आठ आवाज एकावर एक चढवले, की आवाज पसरतो आणि तुम्ही थेट नव्वदीच्या दशकात पोचता. आवाजाची धार कापणारा फिल्टर मध्यावर, त्याची टोकदार शीळ (रेझोनन्स) जवळजवळ शून्य, अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) शून्य, सस्टेन (धरलेल्या सुराचा जोर) पूर्ण. पुढे थोडं डिस्टॉर्शन (खरखर), मग संथ फ्लँजर (आवाज लाटेसारखा फिरवणारा इफेक्ट). रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) हात आखडता घ्या.

दुसरी चूक पट्ट्यांची. मिनीमूगमधून एका वेळी एकच सूर निघतो, आणि दोन पट्ट्या दाबल्या तर खालचा सूर जिंकतो. शिवाय पहिली पट्टी सोडल्याशिवाय एन्व्हलप, म्हणजे सुराचा चढ-उतार, नव्याने सुरू होत नाही. बऱ्याच प्लगइनमध्ये मुळात शेवटच्या सुराला प्राधान्य असतं. सेटिंगमध्ये मोनो (एका वेळी एकच सूर), ‘लो नोट’ आणि सिंगल ट्रिगर निवडा. खालचा सूर धरून वरचा दाबला आणि काहीच झालं नाही, तर सेटिंग बरोबर आहे.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते : प्रत्येक सूर संगणकावरच्या तालाच्या ग्रिडवर खेचून बसवणं, म्हणजेच क्वांटाइझ करणं. हा अल्बम म्हणजे माणसांचा बँड आहे. ड्रम वाजवणारा कोणी मिळत नसेल तर निदान हाय-हॅटच्या ठोक्यांचा जोर कमी-जास्त करा आणि सिंथची सुरावट क्वांटाइझ न करता सलग वाजवा. त्याच ओळीवर खरी बास गिटार दुहेरी वाजवली तर अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न : ‘कार्स’मध्ये वर तरंगणारा तो थंड आवाज कशाचा?

उत्तर : पॉलीमूग या, एका वेळी अनेक सूर काढणाऱ्या सिंथवरचा ‘व्हॉक्स ह्युमाना’ हा तयार आवाज. मानवी कंठ असं नाव, प्रत्यक्षात दाराच्या फटीतून आलेल्या वाऱ्यासारखा. जवळपास जायचं तर सॉटूथ आणि पल्स (चौकोनी लहर) असे दोन ऑसिलेटर एकाच सप्तकात घ्या, ६-७ सेंटचा फरक ठेवा. सेकंदाला पाच-सहा वेळा हलणारा हलका व्हायब्रॅटो (सुराचं कंपन) दोघांपैकी एकालाच द्या; दोघांना दिलात तर ऑर्गन होतो. मग हाय-पास फिल्टरने २०० हर्ट्झच्या खालचं कापा. खर्ज कापला नाही तर तो बासच्या जागेत घुसतो आणि सगळा मेळ गढूळ होतो. वाजवताना भरगच्च कॉर्ड टाळा, लांब सूर धरा.

प्रश्न : मुखपृष्ठावर टेबलावरचा पिरॅमिड कशासाठी?

उत्तर : रेने माग्रितच्या १९३७च्या चित्रावरून. नावही त्याच चित्राचं. चित्रात टेबलावर दगड आहे आणि माणसाच्या डोक्याच्या जागी प्रकाशाचा गोळा. दगडाच्या जागी इथे पिरॅमिड आला.

प्रश्न : अमेरिकेतला नातेवाईक जुना सिंथ आणतोय. इथे चालेल का? पॉलीमूगही मिळू शकतो.

उत्तर : आधी सिंथच्या मागे लावलेली माहितीची पट्टी वाचा. ११५ किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका; फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. यंत्राच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. २३० व्होल्टची सोय आतच असेल तर जाणकाराकडून ती बदलून घेतलेली उत्तम. आपल्याकडच्या ५० हर्ट्झमुळे सूर उतरत नाही, कारण सूर विजेच्या वारंवारितेवर ठरत नाही. ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, एवढंच. चालू केल्यावर अर्धा तास थांबून मगच सूर लावा.

पॉलीमूग मात्र नको. पट्ट्या ७१ आणि प्रत्येकीमागे स्वतंत्र चिप. एक गेली की तेवढाच सूर मुका होतो, आणि ती चिप आज बाजारात सहज मिळत नाही. त्याच पैशात एक साधा मोनो सिंथ आणि दोन पेडल येतील.