कारखान्याच्या पाण्याने विहिरी नासल्या, तर आधी काय करायचं

प्रश्न (लातूर-धाराशिव भागातल्या शेतकऱ्यांच्या पत्रांतून एकत्र केलेला): गावाच्या वरच्या अंगाला साखर कारखाना आणि डिस्टिलरी आहे. गळीत सुरू झालं की नाल्याला लालसर-काळं, फेसाळ पाणी येतं. नाल्याकाठच्या विहिरींना कुजकट वास सुटलाय. ऊस पिवळा पडला, जनावरं पाण्याला तोंड लावत नाहीत, लेकरांच्या अंगाला खाज सुटते. उसावर काय फवारावं? विहीर उपसून घ्यावी का? कारखाना फुकट 'खताचं पाणी' टँकरने शेतात टाकून देतो म्हणतोय, घ्यावं का?

उत्तर: हा फवारणीने जाणारा रोग नाही. उसाचं नंतर बघू, आधी माणसांचं बघा.

वास किंवा रंग आलेल्या विहिरीचं पाणी आजपासून पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद. उकळून प्यायलं तर चालेल, ही समजूत काढून टाका. उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि नायट्रेट तसेच राहतात, उलट पाणी आटून दाट होतात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचंही तेच. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असली की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ते पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात घालू नका. रक्तातला प्राणवायू कमी होऊन बाळ निळं पडतं. ग्रामपंचायतीकडे पिण्याच्या टँकरची मागणी लेखी करा. प्रत्येक खेपेची नोंद ठेवा, हा खर्च पुढे भरपाईत मागता येतो.

अशा विहिरीत मोटार काढायला किंवा गाळ काढायला कुणीही उतरू नये. कुजलेल्या पाण्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो दाट झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. कंदील सोडून बघण्याच्या जुन्या युक्तीने फक्त प्राणवायू आहे की नाही तेवढं कळतं, हा विषारी वायू कळत नाही.

आता विहीर उपसण्याचं. सध्या नको. एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण १० ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं काळं सांडपाणी, निघतो. त्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या पुढे असतो. गावच्या गटाराचा दोन-तीनशे असतो. हे पाणी कच्च्या तळ्यातून किंवा नाल्यातून खाली मुरतं. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या (सच्छिद्र) खडक आणि सांधे (फटी). या वाटांनी ते विहिरीत येतं. विहीर जोरात उपसली की तिची पातळी खाली जाते आणि नाल्याकडचं पाणी आणखी वेगाने तिच्याकडे ओढलं जातं. शिवाय उपसलेलं काळं पाणी टाकणार कुठे? वरून सोडणं बंद होत नाही तोवर मोटार बंद ठेवा. नंतर उपसा करायचा तो उन्हाळ्याच्या शेवटी, आणि ते पाणी नाल्यात न सोडता कारखान्याच्या खर्चाने टँकरमधून त्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायला लावा.

रान दुरुस्त करण्याआधी पुरावा गोळा करा. इथेच बहुतेक गावं चुकतात. पहिला पाऊस पडला की नाला धुऊन निघतो, आणि जूनमध्ये घेतलेला नमुना कारखान्याला सोयीचा निघतो.

नमुना असा घ्या. दोन लिटरची नवी कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून. मोटार असेल तर नमुन्यापुरती १५-२० मिनिटं चालवून मगच भरा, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी मिळतं. कॅन काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. बीओडीसाठी वेगळी बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. उन्हात एसटीच्या टपावर गेलेल्या बाटलीचा बीओडी काही कामाचा नाही. नमुने किमान तीन: नाल्याचा, बाधित विहिरीचा, आणि कारखान्याच्या वरच्या अंगाच्या चांगल्या विहिरीचा. तिसरा लोक विसरतात. मराठवाड्यातल्या बोअरना मुळातच जडपणा, काही भागांत फ्लोराइडही असतो, त्यामुळे 'तुमचं पाणी पहिल्यापासूनच खराब' असं उत्तर हमखास येतं. त्याला उत्तर म्हणजे हा वरच्या अंगाच्या विहिरीचा नमुना. जोडीला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आसपासच्या निरीक्षण विहिरींचे जुने अहवाल माहिती अधिकारात मागवा.

तपासायला काय सांगायचं ते कारखान्यावर ठरतं. साखर-डिस्टिलरी असेल तर सामू (पीएच), ईसी (विद्युत वाहकता, हिच्यावरून क्षार कळतात), टीडीएस (विरघळलेले क्षार), बीओडी, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू), क्लोराइड, सल्फेट, पोटॅशियम, नायट्रेट. एमआयडीसीतलं प्लेटिंग (धातूवर मुलामा देण्याचं) किंवा रसायनाचं युनिट असेल तर क्रोमियम, निकेल, शिसं, जस्त. त्यासाठी आम्ल घातलेली बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या.

मात्र तुम्ही घेतलेला नमुना हा फक्त संशयाला आधार. कायद्यात टिकतो तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेला: कारखान्याला जागेवर सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद आणि सह्यांनिशी. म्हणून तक्रारीत 'कारवाई करा' एवढंच लिहून थांबू नका. 'कलम २१ प्रमाणे नमुना घ्या, आम्हाला हजर राहू द्या' असं लिहा. ठिकाण गट नंबरसह द्या, पाणी कोणत्या वेळी सुटतं तेही लिहा (बहुधा रात्री, नाहीतर पावसाच्या सरीचा आडोसा घेऊन). आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. 'तो तर कोरडा ओढा आहे, नदी नाही' हा बचाव चालत नाही. या कायद्यात तात्पुरता कोरडा प्रवाह आणि भूगर्भातलं पाणीही प्रवाहातच मोडतं, आणि कलम २४ ने त्यात घाण सोडायला बंदी आहे.

कारखान्याचं संमतीपत्र (चालवण्याची परवानगी) मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं, ते वाचा. २०१६ च्या निकषांप्रमाणे साखर कारखान्याचं सांडपाणी गाळलेल्या उसाच्या टनाला २०० लिटरच्या आत हवं, म्हणजे रोज ५,००० टन गाळप असेल तर १० लाख लिटर. बीओडी जमिनीवर सोडताना लिटरला १०० आणि पाण्यात सोडताना ३० मिलिग्रॅमच्या आत. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीने तर आवाराबाहेर थेंबही सोडायचा नाही.

एक अडचण उघड बोललेली बरी. तक्रार करणारा त्याच कारखान्याचा सभासद असतो आणि त्याचा ऊस तोडीला उशिरा लागेल या भीतीने गप्प बसतो. म्हणून तक्रार एकट्याच्या नावाने नको. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीच्या पत्रावर पाठवा.

आरोग्याचा पुरावाही तितकाच लागतो. आशाताईंना सोबत घेऊन घरोघरची वही करा: कोणत्या विहिरीचं पाणी, कधीपासून, कुणाला काय त्रास. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात की त्रासाची सुरुवात आणि पाण्याची विहीर केसपेपरवर लिहून घ्या. नुसतं 'खाज' लिहिलेल्या केसपेपरने काही सिद्ध होत नाही. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

पिकाचा पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या सह्यांनी करा. त्याला ई-पीक पाहणीची नोंद, मागच्या तीन वर्षांच्या उसाच्या पावत्या आणि दूध संकलनाचं पुस्तक जोडा. पीक विम्यावर विसंबू नका, प्रदूषणाचं नुकसान त्यात बसत नाही. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ आहे. कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. आजारपण, जनावरं, पीक, फळबाग, माती या सगळ्यांचा दावा होतो. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान १,००० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ.

कारखान्याचा 'खताच्या पाण्याचा' टँकर घेऊ नका. आपल्या काळ्या रानात पालाश (पोटॅशियम) मुळातच भरपूर असतो. त्यात स्पेंटवॉशचा पालाश पडला की मॅग्नेशियम उचललं जात नाही आणि पान शिरांच्या मधे पिवळं पडतं. वर पावतीवर 'शेतकऱ्याच्या मागणीवरून' असं लिहून सही घेतात. ती सही दिलीत की तुमची तक्रार तिथेच संपली. प्रेसमडचं (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचं) पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मात्र चालतं.

रानाचं: नासलेल्या विहिरीचं पाणी पिकाला देणं बंद करा. पिवळ्या उसाला युरिया टाकू नका. मुळं गुदमरलेली असताना तो फुकट जातो. पाण्याचा ईसी मीटरला २.२५ डेसिसायमन्सच्या वर असेल तर भारी काळ्या रानाला ते कधीच देऊ नका. उताराच्या कडेने अडीच-तीन फुटांचे चर काढा, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर क्षार खाली उतरून बाहेर जातील. मृगात एकरी २० किलो धैंचा (हिरवळीचं खत) पेरून ४५ दिवसांनी गाडा. जिप्सम मातीचा अहवाल आल्यावरच, आणि तेही विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तरच. नुसत्या खारवट रानात जिप्सम म्हणजे क्षारात भर. पहिली दोन वर्षं ज्वारी किंवा कापूस घ्या. मोसंबी, मका आणि ऊस क्षाराला लवकर दबतात. अहवाल वाचताना ईसी १:२.५ द्रावणाचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आहे की संपृक्त अर्काचा (माती पुरती भिजवून काढलेल्या पाण्याचा), ते विचारा. पहिला आकडा बराच कमी दिसतो आणि त्यावरून रान चांगलं असल्याचा गैरसमज होतो.

जालन्याहून छोटा प्रश्न: रोलिंग मिलच्या धुरळ्याने कापसाची पानं काळवंडतात, काय करावं? पाण्याचा साधा फवारा सकाळी मारा, दुपारच्या उन्हात नको. चाऱ्याच्या पिकावर धुरळा असेल तर कापणीनंतर धुऊनच जनावरांना घाला. तक्रार याच पद्धतीने मंडळाकडे करा. फक्त पाण्याऐवजी हवेची तपासणी मागा, आणि ती वारा मिलकडून शेताकडे वाहत असतानाच व्हावी असं लिहा.